फाइल चोख, व्हायव्हाला चिडीचूप

पत्र

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. वर्गात ८० मुलं, लॅबला वीस-वीसच्या चार बॅचेस. गेली दोन वर्षं प्रॅक्टिकलच्या फाइली इतक्या सुंदर येतात की लाल पेनाचं टोपण काढावं लागत नाही. व्हेरिएबल्सना अर्थपूर्ण नावं, जागोजागी कॉमेंट्स, चुकीच्या इनपुटचाही विचार केलेला. आणि त्याच मुलाला व्हायव्हाला ‘हा लूप किती वेळा फिरेल?’ असं, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या या ओळी किती वेळा चालतील असं विचारलं की तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. चॅटजीपीटीवरून उतरवलेलं आहे हे मला दिसतं, पण सिद्ध करता येत नाही. आमचे विभागप्रमुख म्हणतात, एआय पकडणारं सॉफ्टवेअर घेऊ. एक तरुण सहकारी म्हणतो, मॅडम, आता कोड लिहायला शिकवायचंच कशाला? माझं मन म्हणतं, सगळं बंद करून सरळ कागद-पेनावर यावं. कोणाचं ऐकू? खरं सांगायचं तर मी शिकवते ते मुलांच्या डोक्यात शिरतंय की नाही, हेच मला आता कळेनासं झालंय.

एक शिक्षिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचे तिन्ही प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. डोक्यात शिरतंय की नाही हे आता कळेनासं झालंय, असं तुम्ही म्हणता. पण आधी तरी ते फाइलीवरून कळत होतं का?

२००१ साली संशोधक मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांतली, प्रोग्रॅमिंगचे पहिले कोर्स संपवलेली मुलं घेतली आणि त्यांना एक साधा कॅल्क्युलेटर लिहायला दिला. सरासरी गुण आले ११० पैकी २२.८९. ही मुलं नापास झालेली नव्हती. रीतसर फाइली देऊन, परीक्षा देऊन पुढच्या वर्गात गेलेली होती. त्या वेळी चॅटजीपीटी नव्हतं. मित्राची वही होती, गाइड होतं, पाठ केलेले ‘इम्पॉर्टंट’ प्रोग्रॅम होते. फाइल आणि समज यांची फारकत तेव्हाच झालेली होती. एआयने फक्त उतरवण्याची मेहनत वाचवली आणि अक्षर सुधारलं.

त्या निकालानंतर बऱ्याच शिक्षकांना वाटलं, मुलांना समस्या सोडवता येत नाही, त्याचा सराव वाढवा. पण रेमंड लिस्टर आणि त्यांच्या गटाने २००४ मध्ये एक पायरी खाली उतरून पाहिलं. मुलांना काही लिहायला सांगितलंच नाही. तयार कोड दिला आणि ‘याचं आउटपुट काय येईल?’ असं पर्याय देऊन विचारलं. तिथेही पुष्कळ मुलं गडबडली. म्हणजे जो लिहिता येत नाही असं आपण म्हणत होतो, तो कोड त्यांना वाचताच येत नव्हता. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका गोष्टीत आहे. वाचता येणं, एकेक ओळ चालवून बघता येणं आणि त्यात विचारपूर्वक बदल करता येणं, या तीन गोष्टींचे मार्क आपण कधी नीट दिलेच नाहीत. सगळे मार्क शेवटी तयार झालेल्या प्रोग्रॅमला दिले. आता तो प्रोग्रॅम फुकटात मिळू लागलाय.

तुमच्या पुढच्या तासाला हे करून बघा. फळ्यावर चार ओळी लिहा: क = ५; ख = ७; क = ख; ख = क. शेवटी क आणि ख मध्ये काय असेल ते प्रत्येकाला कागदावर लिहू द्या. शेजाऱ्याशी बोलायचं नाही. बरोबर उत्तर दोन्हीत ७ असं आहे, कारण कोडमध्ये ‘=’ म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्यात ठेवणं, आणि तिसऱ्या ओळीलाच ५ पुसला गेला. पण ‘क मध्ये ७, ख मध्ये ५’ असं लिहिणारे निघतीलच, आणि त्यांत चोख फाइलवालेही असतील. त्यांना विचारा, का? उत्तर साधारण असं येतं: ‘मॅडम, अदलाबदल करायची आहे ना.’

या ‘करायची आहे ना’ पाशी जरा थांबायला हवं. मुलाने कोड वाचलेला नाही, कोड लिहिणाऱ्याचा हेतू ओळखलेला आहे, आणि मशीनलाही तो हेतू कळला असेल असं धरून चाललाय. संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुका तपासताना नेमकं हेच मांडलं होतं. भाषा कुठलीही असो, मुलांच्या चुकांच्या मुळाशी बहुतेकदा एक समजूत असते, की यंत्राच्या आत कुठेतरी एक शहाणं मन आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला समजतं. प्रोग्रॅमिंग शिकवणं म्हणजे बऱ्याच अंशी ही समजूत खोडणं. बेनेडिक्ट दु बुले यांनी त्यासाठी कल्पनेतल्या यंत्राची मांडणी केली होती: ही भाषा चालवणारं यंत्र एका वेळी काय करतं, काय लक्षात ठेवतं, काय पुसून टाकतं, याचं चित्र विद्यार्थ्याच्या मनात उभं राहिलं पाहिजे.

आता तुमच्या मुलांकडे बघा. ती अर्धा दिवस अशा यंत्राशी बोलतात जे अर्धवट, अशुद्ध, अगदी चुकीचं लिहिलेलं वाक्यसुद्धा समजून घेतं आणि वर ‘छान प्रश्न विचारलात’ म्हणतं. त्यानंतर ती कंपायलरसमोर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमसमोर बसतात, ज्याला एका विरामचिन्हाचीही दयामाया नाही. इतकी वर्षं शिक्षक जी समजूत खोडत आले तिला आता रोज खतपाणी मिळतंय. मुलं उतरवतात याची मला तितकी काळजी वाटत नाही, याची वाटते. उतरवणं पकडता येतं. ही समजूत मात्र चोख फाइलीखाली वर्षभर दडून राहू शकते.

आता तुमच्या तिघांच्या मतांकडे येते.

विभागप्रमुखांना सांगा, पैसे वाचवा. ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. ज्यांनी मजकूर तयार करणारं यंत्र बनवलं त्यांनाच तो ओळखता येईना. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या लोकांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर ‘एआयने लिहिलेलं’ असा शिक्का बसला. साध्या शब्दांत, ठरावीक वाक्यरचनेत लिहिलं हाच त्यांचा गुन्हा. कोडच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी आहे. दहा संख्यांची सरासरी काढायचा प्रोग्रॅम लिहून लिहून किती प्रकारे लिहाल? प्रामाणिक मुलाचा आणि एआयचा प्रोग्रॅम ओळीला ओळ जुळू शकतो. एका निर्दोष मुलीला तुम्ही यंत्राच्या भरवशावर चोर ठरवलंत तर त्याचं निवारण कसं करणार, हे विभागप्रमुखांना जरूर विचारा.

तरुण सहकाऱ्याचं म्हणणं उडवून लावू नका. त्याच्या बाजूनेही पुरावा आहे. चॅटजीपीटी येण्याआधीच, २०२२ च्या सुरुवातीला, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंग परीक्षेचे प्रश्न कोडेक्स नावाच्या, कोड लिहिणाऱ्या एआय मॉडेलला घातले होते. ७१ विद्यार्थ्यांबरोबर क्रम लावला तेव्हा त्याचा नंबर १७ वा आला. आजची मॉडेल्स त्याच्या पुष्कळ पुढे आहेत. तेव्हा ‘पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅम यंत्र लिहितं’ हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो तो उलटा आहे. यंत्र लिहिणार असेल तर माणसाच्या वाट्याला तपासणं येतं, आणि तपासणं म्हणजे वाचणं. २०२४ मध्ये जेम्स प्रॅथर आणि सहकाऱ्यांनी २१ नवशिक्यांना एआय वापरून प्रोग्रॅम लिहायला दिला आणि ते स्क्रीनवर कुठे बघतात तेही टिपलं. ज्यांचा पाया पक्का होता त्यांनी यंत्राच्या निरुपयोगी सूचना बाजूला सारल्या आणि कामाच्या तेवढ्या घेतल्या. जे मुळातच चाचपडत होते त्यांच्या जुन्या अडचणी तशाच राहिल्या, वर काही नव्या आल्या, आणि शेवटी त्यांना वाटलं की आपल्याला जमलं! तुमच्या व्हायव्हातला तो तोंडाकडे बघणारा मुलगा बहुधा यांच्यातलाच आहे. तो लबाड असेलच असं नाही. आदल्या रात्री त्याला खरोखर वाटलं असेल की आपल्याला समजलंय.

राहता राहिलं तुमचं कागद-पेन. अर्धं घ्या. कोड चालवून बघणं, म्हणजे कुठल्या ओळीनंतर कशात काय आहे याचा तक्ता करणं, हे कागदावरच उत्तम होतं. पण पूर्ण प्रोग्रॅम कागदावर लिहून घेणं म्हणजे पाठांतराला आमंत्रण. शिवाय कोड रन करायचा, तो कोसळायचा, मग का कोसळला ते शोधायचं, हे तर या विषयाचं हृदय आहे. ते कागदावर कसं होणार?

एआय सरसकट बंद करण्याबद्दलही सांगते, कारण त्यावरचे निष्कर्ष एकसुरी नाहीत. तुर्कस्तानात जवळपास हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. एका गटाला सरावासाठी साधा चॅटबॉट दिला. सराव झकास झाला, पण नंतर चॅटबॉटशिवाय परीक्षा घेतली तेव्हा या गटाला, ज्यांना चॅटबॉट मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या गटाला जो चॅटबॉट दिला तो उत्तर न सांगता फक्त इशारे देणारा होता. तिथे हे नुकसान जवळजवळ दिसलं नाही. आणि प्रोग्रॅमिंगमध्येच, १० ते १७ वयाच्या ६९ मुलांवर झालेल्या २०२३ च्या एका अभ्यासात कोडेक्स वापरणाऱ्या मुलांचं पुढच्या, यंत्राशिवायच्या कामात काही बिघडलं नाही. मला त्यातली मांडणी महत्त्वाची वाटते: यंत्राच्या मदतीने लिहिलेल्या प्रत्येक कोडनंतर मुलांना त्यात एक बदल स्वतः, यंत्राशिवाय करायचा होता. बहुतेक चर्चांत हा तपशील गळून जातो.

हार्वर्डच्या सीएस५० या प्रोग्रॅमिंगच्या कोर्सने २०२३ पासून स्वतःचा चॅटबॉट ठेवला आहे, बदकाच्या रूपातला. तो थेट उत्तर न देता विद्यार्थ्याला उत्तराकडे नेतो. तुम्हीही मुलांना सांगू शकता की चॅटबॉटला आधी बजावायचं: मला कोड देऊ नकोस, माझी चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं सुचव. आता, शेजारच्या टॅबमध्ये दुसरा चॅटबॉट उघडायला मुलांना दोन सेकंद लागतात हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून या सूचनेवर फार भिस्त ठेवू नका. भिस्त ठेवायची ती मार्क कशाला देता त्यावर.

तर लॅब अशी बदलून बघा. दोन तासांच्या प्रॅक्टिकलची सुरुवात कोऱ्या स्क्रीनने करूच नका. चालू स्थितीतला, वीसेक ओळींचा कोड तुम्हीच द्या. आधी रन न करता आउटपुटचा अंदाज कागदावर लिहायचा, नावासकट. मग रन. अंदाज चुकला असेल तर का चुकला ते शोधायचं, मग कोडमध्ये तुम्ही सांगाल तो बदल करायचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं काहीतरी लिहायचं. हा क्रम सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांमध्ये वापरून तपासलेला आहे. अंदाजाच्या कागदाला मार्क द्यायचे ते लिहिल्याबद्दल. बरोबर आला की नाही याबद्दल देऊ नका, नाहीतर मुलं आधी गुपचूप रन करतील आणि मग अंदाज लिहितील. (करतातच.) जे अडखळतात त्यांना फिलिप ग्वो यांचं ‘पायथन ट्यूटर’ दाखवा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि कोड एकेक ओळ पुढे सरकवत कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय बसलंय ते चित्रात दाखवतं. दु बुले यांचं ते कल्पनेतलं यंत्र तिथे डोळ्यांना दिसतं. वेळ कमी असेल त्या दिवशी बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्या आणि जुळवायला सांगा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार आणला. पुढे बार्बरा एरिक्सन यांनी दाखवलं की कोड लिहिण्यापेक्षा यात वेळ कमी जातो आणि शिकणं साधारण तेवढंच होतं.

एआयला कामाला जुंपायचाही एक मार्ग आहे आणि मला तो फार आवडतो. ऑकलंडचे पॉल डेनी आणि त्यांचे सहकारी मुलांना एक छोटं फंक्शन, म्हणजे एखादं काम करणारा कोडचा तुकडा देतात, ज्याच्या नावावरून काही कळत नाही. ते काय करतं ते मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ते वर्णन मॉडेलला द्यायचं आणि त्यावरून कोड लिहून घ्यायचा. तो कोड मूळ फंक्शनसारखाच वागला तर मुलाचं वाचन बरोबर. ‘हा कोड लूप वापरतो’ असलं मोघम वर्णन इथे टिकत नाही. ‘यादीतली सगळ्यात मोठी सम संख्या देतो, सम संख्या नसेल तर उणे एक देतो’ असं नेमकं लिहावं लागतं. मुलाला सुचत असेल तर मराठीत लिहू द्या. मॉडेलला मराठी कळतं, आणि तुम्हाला मुलाची समज तपासायची आहे, त्याचं इंग्रजी नव्हे.

८० जणांच्या लेक्चरला मात्र यातलं काही जमणार नाही. तिथे पर्यायांचा एक प्रश्न टाका, हात वर करून मतं घ्या, उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालू द्या, पुन्हा मतं घ्या. हार्वर्डचे एरिक माझूर भौतिकशास्त्रात हे करत आले. सॅन डिएगोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉम्प्युटरच्या कोर्सेसना हे लावलं तेव्हा नापास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. वरचा क आणि ख चा प्रश्न पहिल्या दिवशी चालून जाईल.

आता व्हायव्हा. ‘लूप म्हणजे काय?’ हे विचारणं थांबवा, त्याचं उत्तर पाठ करता येतं. त्याच्याच फाइलीतला प्रोग्रॅम उघडा आणि त्याला मोडा. समजा प्रोग्रॅम पावसाच्या सरासरीचा आहे. एलियट सोलोवे यांनी येलमध्ये १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेला हा जुना प्रश्न आहे: संख्या घेत जायच्या, ९९९९९ आलं की थांबायचं, सरासरी सांगायची. ४, ६, ८ दिले की उत्तर ६. विचारा, बेरीज शून्य करणारी ही ओळ लूपच्या आत, पहिल्या ओळीला नेली तर उत्तर काय येईल? ज्याने कोड वाचलाय तो थोडा थांबेल, बोटाने ओळी मोजेल आणि म्हणेल, बेरीज दर वेळी पुसली जाईल, शेवटचे ८ उरतील, भागिले ३, म्हणजे २.६७ च्या आसपास. मग विचारा, पहिलीच संख्या ९९९९९ दिली तर? शून्याने भागाकार होतो की नाही, हे त्याच्याच प्रोग्रॅममध्ये दाखवायला सांगा. एआयने बहुधा ती काळजी घेतलेली असेल, पण कुठल्या ओळीत घेतली आहे हे मुलाला माहीत असलं पाहिजे. माहीत असेल तर कोड कोणी लिहिला याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही, पूर्ण मार्क द्या.

फाइलीचे मार्क अगदी शून्यावर आणू नका. निम्म्यावर आणा आणि उरलेले अंदाज, बदल आणि या मोडतोडीच्या प्रश्नांना द्या. हे सत्राच्या पहिल्याच दिवशी जाहीर करा, आणि कुठल्या कामात एआय चालेल, कुठल्या नाही, तेही लिहून लावा. या सत्राच्या फाइली आधीच्या नियमाने आल्या आहेत, त्यांना आधीच्याच नियमाने तपासा. मागून नियम बदलला तर मुलं भांडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. वीस जणांच्या बॅचमध्ये दर आठवड्याला पाच जणांना गाठा, प्रत्येकी तीन मिनिटं. बाकीचे काम करत असताना त्यांच्याच मशीनपाशी उभ्या राहा, वेगळं बोलवायची गरज नाही. पंधरा मिनिटांत हे उरकतं आणि चार आठवड्यांत पूर्ण बॅचची एक फेरी होते. क्रम आधी सांगू नका, आणि एकदा विचारून झालेल्यालाही मधूनच पुन्हा विचारा.